आधी टोळी, मग शिंगरू: वायोमिंगचे रानघोडे वसंतात कसे बघावेत

मेच्या शेवटच्या सोमवारी येणारी मेमोरियल डेची सुट्टी जोडून अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाणारी मराठी कुटुंबं दर मे महिन्यात मला एकच प्रश्न विचारतात: वायोमिंग राज्यातल्या कोडी गावाजवळचे रानघोडे नेमके कुठे दिसतात? मी जागा सांगते. परत आल्यावर बहुतेकांकडून ऐकू येतं ते असं: "घोडे दिसले, पिल्लूसुद्धा होतं, पण आम्ही उतरलो आणि सगळे टेकडीपलीकडे गेले." जागा बरोबर असते, बऱ्याचदा वेळही बरोबर असते. चुकतो तो क्रम. शिंगरू दिसलं की माणूस थेट शिंगराकडे निघतो. करायचं असतं नेमकं उलट. आधी पूर्ण टोळी समजून घ्यायची, टोळीला आपण समजू द्यायचं, आणि शिंगराकडे दुर्बीण सर्वांत शेवटी वळवायची.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगते. एका प्रदेशातले सगळे घोडे म्हणजे कळप. त्या कळपात लहान लहान कुटुंबं असतात, त्यांना मी टोळी म्हणते: एक मोठा नर, एक ते चार-पाच घोड्या आणि त्यांची पोरं. ज्या तरुण नरांना अजून घोड्या मिळालेल्या नाहीत ते एकत्र हिंडतात, ती नरांची टोळी वेगळी. हा फरक पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

पायरी 1: जागा आणि आठवडा ठरवा

कोडीहून दोन जागा हाताशी आहेत. पहिली मॅककलो पीक्स. कोडीच्या पूर्वेला 15 ते 20 मैलांवर, ग्रेबुलकडे जाणाऱ्या 14-16-20 हायवेच्या उत्तरेला सुमारे 1,10,000 एकरांचा उघडा, ओघळींनी चिरलेला, सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांचा माळ आहे. ही जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. दुसरी जागा प्रायर पर्वत, लव्हल गावाच्या उत्तरेला, वायोमिंग आणि मोंटानाच्या सीमेवर. तिथल्या डोंगरमाथ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून लोक मे महिन्यात माथ्यावर जायला निघतात. ते जमत नाही. वरचे रस्ते जूनपर्यंत बर्फात आणि चिखलात असतात, आणि कोरडे झाल्यावरही फोर व्हील ड्राइव्हची उंच गाडी लागते. मे महिन्यात प्रायरचे घोडे बघायचे तर लव्हलजवळून निघणारा 37 नंबरचा डांबरी रस्ता धरा. तो बिगहॉर्न कॅन्यनच्या कडेने जातो आणि तिथल्या खालच्या भागातल्या टोळ्या रस्त्यावरूनही दिसतात.

पहिलीच खेप असेल आणि सोबत मुलं किंवा आईवडील असतील, तर मी 37 नंबरचा रस्ता सुचवते. दोन दिवस हाताशी असतील तर मॅककलो पीक्स. तिथे नजर लांबवर जाते, आणि टोळीचं वागणं लांबूनच वाचता येतं.

आठवड्याचं गणित सोपं आहे. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि बहुतेक शिंगरं एप्रिल ते जूनमध्ये जन्मतात. एप्रिलमध्ये शिंगरं कमी आणि चिखल जास्त. मेचे शेवटचे दोन आठवडे सर्वांत चांगले: काही शिंगरं महिन्याची झालेली असतात, काही दोन-चार दिवसांची, आणि गवत अजून हिरवं असतं.

*तपासा:* तुमचा कार्यक्रम "सकाळी घोडे, दुपारी यलोस्टोन" असा आहे का? मग घोडे सोडून द्या. कोडीपासून यलोस्टोनचा पूर्व दरवाजाच पन्नासएक मैल आहे. घोड्यांसाठी किमान दोन पूर्ण सकाळी राखून ठेवा. पहिली शोधण्यात जाते.

पायरी 2: चिखलाची तयारी

सामानाच्या याद्या लोक पुष्कळ करतात, मातीचा विचार कुणी करत नाही. मॅककलो पीक्सच्या बऱ्याच भागात बेंटोनाइटची, म्हणजे एक प्रकारची चिकणमातीची, जमीन आहे. कोरडी असताना ती राखेसारखी भुसभुशीत असते. पाऊस पडला की आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी चाकाला धरते, आणि चाक इतकं जाड होतं की मडगार्डमध्ये फिरेनासं होतं. फोर व्हील ड्राइव्ह असूनही गाडी आडवी सरकते. आणि मे हा तिथे पावसाचाच महिना आहे.

म्हणून नियम असा: आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर उतरायचं नाही. रस्त्यात असताना ढग भरून आले तर घोडे समोर असले तरी हायवेकडे वळायचं. गेलं काही अंतर उतारावरून आलेले असाल तर आणखी लवकर वळा, कारण ओला चढ चढत नाही. तिथे टोइंगला तास नाही, अर्धा दिवस जातो, आणि मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बहुतेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो, आणि मग मोडतोडीचा विमाही लागू होत नाही.

बाकीची तयारी पटकन सांगते. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पेट्रोलची टाकी पूर्ण भरा. माणशी चार लिटर पाणी, खरं चालणारं स्पेअर चाक, थंडीचे कपडे (पहाटे चार-पाच अंश, दुपारी वीसच्या आसपास, मधूनच बर्फाचा सडा), पूर्ण बूट आणि लांब पँट. वसंतात सेजब्रशमध्ये गोचिड्या असतात, संध्याकाळी मुलांच्या मानेमागे आणि कानामागे बघा. ऊन तापलं की रॅटलस्नेक हे विषारी साप बाहेर येतात, म्हणून दगडावर बसण्याआधी त्याखाली बघा.

दुर्बीण 8 बाय 42 किंवा 10 बाय 42 ची. घरात एकच असेल तर आणखी एक उसनी आणा. एका दुर्बिणीवर चार माणसं आली की मुलं कंटाळतात आणि "जरा जवळ जाऊ या ना" सुरू होतं. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, मिळाला तर फारच उत्तम, शिंगराचं निरीक्षण खरं त्यातूनच होतं.

*इशारा:* गाजरं, सफरचंद, गूळ, पोळी, काहीही घोड्यांसाठी नेऊ नका. माथेरान-महाबळेश्वरला घोड्याच्या तोंडाशी काहीतरी धरायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. हे घोडे तसे नाहीत. माणसाच्या हातचं खाऊन सोकावलेला रानघोडा रस्त्यावर गाड्यांपाशी येऊ लागतो, आणि मग एक तर तो गाडीखाली जातो किंवा त्याला तिथून हलवावं लागतं. 1971 च्या केंद्रीय कायद्याने या घोड्यांना संरक्षण आहे. त्यांना त्रास देणं, पकडणं हा गुन्हा आहे.

पायरी 3: गाडीतून शोध

मेच्या मध्यावर कोडीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्या वेळी तुम्ही माळावर हवेत, हॉटेलच्या नाश्त्याला नव्हे. याची दोन कारणं. घोडे सकाळी गार हवेत चरत असतात, उन्हं चढली की उभ्या उभ्या पेंगतात. आणि दहा-साडेदहानंतर जमिनीवरची हवा तापून थरथरू लागते. मग दुर्बिणीतही घोडा पाण्यातल्यासारखा दिसतो आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो मऊ येतो.

उन्हाळ्यात घोडे पाणवठ्यावर सापडतात, हे ऐकून लोक मे महिन्यातही तळ्यापाशी ठाण मांडतात. वसंतात बर्फ वितळून प्रत्येक खळग्यात पाणी असतं, घोड्यांना तळ्यावर यायची गरज नसते. त्याऐवजी गवत बघा. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी हिरवे होतात.

दुसरी खूण लिदीची. टोळीतले नर वाटेवर ठरावीक जागी एकावर एक लीद टाकतात. गुडघ्याएवढे ढीग तयार होतात. ढीग म्हणजे घोड्यांचा राबता आहे एवढंच, घोडे आज इथे आहेत असं नव्हे. वरची लीद बघा: हिरवट, ओलसर, चकचकीत असेल तर ती आजची. करडी, भेगाळलेली असेल तर पुढे चला.

प्रत्येक चढाच्या माथ्याआधी गाडी थांबवून, नुसतं डोकं वर येईल इतपत पुढे होऊन पलीकडची बाजू दुर्बिणीने चाळा. डावीकडून उजवीकडे, जवळून लांब. मॅककलो पीक्सच्या कळपात अबलख घोडे भरपूर आहेत, पांढऱ्यावर तपकिरी किंवा काळे मोठे पट्टे असलेले. ते मैलभरावरूनही उठून दिसतात. कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाचे आणि काळ्या आयाळीचे, सेजब्रशमध्ये मिसळून जातात. एक अबलख दिसला की तिथेच थांबा, आजूबाजूला आणखी पाच असतात.

*तपासा:* जे दिसतंय ते घोडेच आहेत ना? त्या माळावर गाईही चरतात आणि प्राँगहॉर्न हरणंही असतात. लांबून पांढरा पुठ्ठा, म्हणजे जनावराचा मागचा भाग, दिसला की घाई करू नका.

पायरी 4: थांबणं आणि उतरणं

जवळजवळ सगळ्या सहली इथे बिघडतात.

टोळी दिसली की गाडी वाटेवरच थांबवा. झुडपांत घालू नका, घोड्यांच्या दिशेने वळवू नका, आणि टोळी व पाण्याच्या किंवा टोळी व ओघळीच्या मध्ये आणू नका. पळायची वाट घोड्यांना कायम मोकळी दिसली पाहिजे. इंजिन बंद करा. दहा मिनिटं गाडीतच बसा. हो, दहा. घड्याळ लावा. घोड्यांच्या नजरेत गाडी हा बऱ्यापैकी निरुपद्रवी ठोकळा असतो. त्यातून चार पाय आणि चार आवाज एकदम बाहेर पडले की तो बदल त्यांना खटकतो.

मग एकेकाने, घोड्यांच्या विरुद्ध बाजूच्या दारातून उतरा. दार आपटू नका, नुसतं टेकवा. कुत्रा असेल तर तो गाडीतच राहील.

अंतर किती? बीएलएम बऱ्याच ठिकाणी किमान 100 फूट सांगतं. त्या त्या जागेचा नियम पाटीवर बघा, आणि तो जास्त असेल तर तोच पाळा. टोळीत शिंगरू असेल तर मी 300 फुटांच्या आत जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका असं कळकळीने सांगते. फूट मोजायला टेप लागत नाही. हात पूर्ण लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. आडवा उभा असलेला मोठा घोडा नाकापासून शेपटीपर्यंत अंगठ्याआड गेला, तर तुम्ही साधारण योग्य अंतरावर आहात. घोड्याचं डोकं किंवा पुठ्ठा अंगठ्याबाहेर डोकावत असेल तर मागे या.

लपू नका. वाघ बघायला गेल्यासारखं ओणवं होऊन, झुडपाआडून सरकत जाणारी माणसं मी दरवर्षी बघते. घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. दबकत, थेट नजर लावून, सरळ रेषेत जे येतं ते त्याच्या लेखी शिकारी जनावराच्या जातीचं. त्यापेक्षा उघड्यावर, त्यांना दिसेल असं, तिरकं चाला, मध्ये थांबा, दुसरीकडे बघा आणि खाली बसा. बसलेल्या माणसाची दखल घोडे पाच मिनिटांत घेईनासे होतात.

बोलायचं तर हळू, पण बोला. पूर्ण गप्प बसून मध्येच खोकण्यापेक्षा मंद आवाजातलं सलग बोलणं त्यांना कमी दचकवतं. "चक् चक्" करून बोलावणं, शिट्टी, टाळी मात्र अजिबात नको.

*इशारा:* ड्रोन उडवू नका. बिगहॉर्न कॅन्यन राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे आणि तिथे ड्रोनला बंदीच आहे. बीएलएमच्या जमिनीवरही ड्रोनने घोडे बिथरले तर तो त्रास देण्याचाच गुन्हा. ड्रोनच्या आवाजाने पळालेल्या टोळीत मागे पडतं ते सर्वांत लहान शिंगरू.

पायरी 5: टोळी वाचा

बसल्यावर पहिली वीस मिनिटं शिंगराकडे बघायचं नाही. अवघड आहे, पण करा.

आधी मोजा. किती डोकी? मग नर ओळखा. तो बहुतेकदा टोळीच्या कडेला, मान वर करून उभा असतो. मान जाड, अंगावर चावल्या-लाथाडल्याचे जुने व्रण. मग घोड्या. चालायला सुरुवात कोण करते ते बघा. बऱ्याच टोळ्यांत एखादी जाणती घोडी पाण्याकडे निघते आणि बाकीचे तिच्यामागे जातात, नर सर्वांत शेवटी.

आता त्यांच्या अस्वस्थतेची चढण शिकून घ्या, कारण तुमचं पुढचं प्रत्येक पाऊल तिच्यावर ठरणार आहे.

1. एखादा घोडा चरणं थांबवून तुमच्याकडे बघतो, कान पुढे. ठीक आहे. हलू नका.

2. सगळी डोकी एकदम वर. तुम्ही फार जवळ आलात किंवा फार हललात. जागच्या जागी बसा, नजर खाली.

3. नर जोरात फुरफुरतो, दोन-चार पावलं तुमच्या दिशेने येतो, किंवा घोडी शिंगराला आपल्या पलीकडे घेते. आता उठा आणि शांतपणे मागे या.

4. नर मान जमिनीला समांतर, सापासारखी खाली आणतो, कान मागे पाडतो आणि घोड्यांना हाकू लागतो. याच्या पुढे काही बघण्यासारखं उरत नाही. तुमच्यामुळे टोळी हलली आहे. तिचा पाठलाग करू नका, त्या दिवसापुरती ती टोळी सोडा.

चौथी अवस्था दरवेळी तुमच्यामुळेच येते असं नाही, हेही लक्षात ठेवा. वसंतात नरांची भांडणं जोरात असतात. व्यालेली घोडी साधारण आठवडा-दीड आठवड्यात पुन्हा माजावर येते, आणि त्या सुमारास बाहेरचे नर टोळीभोवती घिरट्या घालू लागतात. क्षितिजावर दोन-तीन सुटे नर दिसले, टोळीचा नर त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला, तर गाडीकडे परता. लढणारे नर 300 फूट अंतर काही क्षणांत कापतात आणि त्या वेळी त्यांना तुम्ही दिसत नसता.

*तपासा:* टोळीतले निम्म्याहून जास्त घोडे चरत किंवा पेंगत आहेत का? निदान एक घोडी तुमच्याकडे पाठ करून आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे जा.

पायरी 6: आता शिंगरू

बघण्याचा भाग इथे सुरू होतो, आणि नीट बसलेला माणूस तासन्‌तास कंटाळत नाही.

पहिली गैरसमजूत: जन्म बघायला मिळेल. घोड्या बहुतेक रात्री किंवा अगदी पहाटे वितात. दिवसा "ही आज विणार" असं ठरवून फुगलेल्या घोडीमागे फिरणं तिला नुसता त्रास आहे. कास भरलेली, टोळीपासून जरा बाजूला उभी राहणारी घोडी दिसली तर त्या भागापासून लांब राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुरूनच पुन्हा बघा. जमिनीवर एका जागी कावळ्याच्या जातीचे रेव्हन किंवा मॅगपाय जमलेले दिसले, तर ते बहुधा पडलेल्या वारेवर आलेले असतात. तिकडे जायचं नाही. घोडी आणि शिंगरू जवळच असतात.

वय कसं ओळखायचं? काही तासांच्या शिंगराचं अंग ओलसर, केसांची वळी पडलेली, कान बाजूला झुकलेले, पाय रुंद फाकलेले. उभं राहताना आधी पुढचे पाय ताणतं, मग मागचा भाग वर येतो, मग डोलतं, मग बसतं. स्कोपमधून बघितलं तर खुरांच्या तळाला पिवळट, झालरीसारखा मऊ थर दिसतो. तो आईच्या पोटात खूर टोचू नयेत म्हणून असतो आणि चालायला लागल्यावर लवकरच झिजतो. दोन-तीन दिवसांचं शिंगरू चालतं सरळ, पण फार झोपतं. आठवड्याचं झालं की आईभोवती गोल गोल दौडतं, दरवेळी थोडा मोठा गोल. दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या शिंगराशी खेळ, एकमेकांची मान खाजवणं, आणि गवताला तोंड लावून बघणं सुरू होतं.

एका मे महिन्यात पाहिलेलं एक शिंगरू मी विसरत नाही. काळसर, कपाळावर दुधाचा थेंब पडल्यासारखा ठिपका. अजून वाळलं नव्हतं. आई अबलख, शांत उभी. ते तिच्या छातीला धडकलं, मग पुढच्या दोन पायांमध्ये तोंड खुपसून लुचायचा प्रयत्न केला, मग कोपर चोखलं. प्रत्येक वेळी आई अर्धं पाऊल सरकून स्वतःला जुळवून देत होती. अखेर मागे पोचलं, शेपटी हलायला लागली, म्हणजे सड सापडला. त्याच वेळी आमच्या मागून एक गाडी आली आणि तिची दारं आपटली. नराने मान खाली घातली आणि टोळी हलली. शिंगरू ओघळीच्या काठावर अडकलं. बारीक, चिरका आवाज काढत उभं राहिलं. आई वळून आली, त्याला घेऊन गेली. पण ते पहिलं पिणं तुटलं ते तुटलं.

जन्मल्यावर तासाभरात उभं राहणं आणि साधारण दोन तासांत प्यायला लागणं, हे शिंगराचं वेळापत्रक असतं. पहिल्या दिवसाचा चीक त्याला रोगांशी लढायची ताकद देतो आणि काही तासांनंतर ती ताकद आतड्यांतून अंगात शिरायची थांबत जाते. पुढेही पहिले काही दिवस ते तासातून अनेकदा थोडं थोडं पितं. म्हणजे तुम्ही टोळीला अर्धा तास पळवलंत तर त्याची दोन-तीन पिणी गेली, आणि खर्च झालेली शक्ती वेगळी.

ज्या गोष्टी बघून लोक घाबरतात त्या सांगून ठेवते. शिंगरू आडवं, पाय ताणून निपचित पडलेलं असतं. मेलं नाही, झोपलं आहे. स्कोपमधून बरगड्यांची हालचाल बघा. शिंगरू आईची लीद खातं. हेही ठीक, त्यातून गवत पचवणारे जिवाणू पोटात जातात. मोठ्या घोड्यासमोर ते मान पुढे करून जबडा उघडबंद करतं, दात वाजवल्यासारखं. "मी लहान आहे, मारू नका" असं सांगण्याची ती पद्धत आहे, झटके नव्हेत.

*इशारा:* शिंगरू स्वतःहून तुमच्याकडे येऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांची शिंगरं फार चौकस असतात. फोटो छान येईल, पण तुम्ही उठून मागे सरा. शिंगरू आणि घोडी यांच्या मध्ये तुम्ही आलात तर घोडी विचारणार नाही, लाथ घालेल.

पायरी 7: नोंद आणि फोटो

ओळख पटवायची तर फोटो सुंदर नसला तरी चालतो, पुरा हवा. अबलख घोड्याची डावी आणि उजवी बाजू अगदी वेगळी असते, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. शिवाय कपाळ आणि चारही पाय. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की आपण पंचकल्याणी म्हणतो. असे नेमके शब्द वहीत वापरा, "तपकिरी घोडा" लिहून परत ओळख पटत नाही.

शिंगराच्या अंगाचा रंग कायमचा धरू नका. जन्मतः काळं किंवा तपकिरी दिसणारं शिंगरू पुढे करडं होत होत पांढरंही होऊ शकतं, आणि तीन-चार महिन्यांत बाळकेस गळून बऱ्याच शिंगरांचा रंग बदलतो. अबलख अंगावरचे पांढरे पट्टे, कपाळाची खूण आणि पायातले मोजे मात्र राहतात. ओळख त्यावर बांधा.

आई कोण हे शेजारी कोण उभं आहे यावरून लिहू नका, शिंगरू कुणाला पितं त्यावरून लिहा. बाप कोण हे लिहूच नका. अकरा महिन्यांपूर्वी ती घोडी दुसऱ्याच टोळीत असू शकते.

वहीत एवढं पुरे: तारीख, वेळ, जागा, टोळीतली डोकी, नराच्या खुणा, घोड्यांच्या खुणा, शिंगरू कुणाचं, अंदाजे वय. आणि तुम्ही आल्यावर टोळी किती वेळा हलली. हा शेवटचा रकाना पुढच्या खेपेला फार कामाला येतो.

फोटो काढताना गाडीच्या खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा, ट्रायपॉडपेक्षा सोयीचं पडतं. 400 मिलिमीटर किंवा जास्तीची लेन्स, शटरचा आवाज बंद. फोन असेल तर फोटोचा नाद सोडून दुर्बीण घ्या. फोनने चांगला फोटो यायचा तर फार जवळ जावं लागतं, आणि तेच टाळायचं आहे. आठवड्याच्या आतलं शिंगरू असेल तर फोटोतली जागेची माहिती काढून टाका आणि टाकायचाच तर काही दिवसांनी टाका. नाहीतर दुसऱ्या सकाळी त्याच ओघळीवर दहा गाड्या असतात.

पायरी 8: काही बिघडलेलं दिसलं तर

हरणाची आई पिल्लाला झुडपात ठेवून चरायला जाते. घोडी तसं करत नाही, शिंगरू तिच्यासोबतच चालतं. त्यामुळे एकटं शिंगरू दिसलं तर दोनच शक्यता: आई एखाद्या चढाआड आहे, किंवा खरंच काही घडलं आहे. गाडीत बसून, लांबून, तासभर बघा. त्या वेळात कुणी घोडी आली नाही, शिंगरू इकडेतिकडे हिंडत ओरडत राहिलं, किंवा दुसऱ्या टोळीमागे जाऊन हाकलून लावलं गेलं, तर कळवायची वेळ आली.

शिंगराला हात लावू नका, पाणी-दूध पाजू नका, गाडीत घालू नका. जागेचे आकडे फोनमध्ये टिपा, वेळ लिहा, लांबूनच दोन फोटो घ्या, रेंज मिळेपर्यंत हायवेकडे या आणि कोडीच्या बीएलएम कार्यालयाला फोन करा. तो नंबर निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा. बिगहॉर्न कॅन्यनच्या हद्दीत असाल तर तिथल्या रेंजरला.

मेलेल्या शिंगराजवळ आई कितीतरी तास उभी राहते. हे बघणं जड जातं, आणि माणसं तिला "मदत" करायला जातात. त्या वेळी तिला कुणी नको असतं. नोंद करा आणि निघा.

पायरी 9: निघणं

येताना जेवढी काळजी घेतली तेवढीच जाताना. उभं राहण्याआधी थोडं हला, हात वर करा, घोड्यांना तुम्ही पुन्हा दिसू द्या. मग उठा. गाडीकडेही तिरकंच चाला. इंजिन सुरू करून लगेच निघू नका, अर्धा मिनिट तसंच चालू द्या. वाटेत फाटक लागलं तर जसं होतं तसंच ठेवा: उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद.

डांबरी रस्त्याला लागायच्या आधी एकदा आरशात बघा. टोळी जिथे होती तिथेच चरत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच उतारावर परत या. घोडे बहुतेकदा फार लांब गेलेले नसतात, आणि कालचं डुलणारं शिंगरू आज आईभोवती पहिला गोल मारताना सापडू शकतं.